डब्ल्यू-के-डब्ल्यू! दिलेल्या अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधायचा कसा?

वेलांटी
मंडळी, नमस्कार.
माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला सध्या एक खेळ लागलाय. ती दोन-तीन इंग्रजी अक्षरं सांगते. ती अक्षरं त्याच क्रमाने, एकमेकांना चिकटून ज्यात येतात असा शब्द समोरच्याने सांगायचा. परवा घरात सगळे जमलेले असताना तिने मला गाठलं. "मावशी, डब्ल्यू-के-डब्ल्यू."
मी इंग्रजी घेऊन पदवीधर झालेली बाई. पाच मिनिटं छताकडे बघत बसले. पोरगी गालातल्या गालात हसतेय, बाकीचे माझ्याकडे दयेने बघतायत. फार ऑकवर्ड झालं हो.
आज तिसरा दिवस. भाची म्हणते, "अगं, तू रोज बोलतेस तो शब्द." त्यामुळे जास्तच चिडचिड होतेय.
दोन विनंत्या आहेत. एक, उत्तर सांगू नका, शोधायचं कसं ते सांगा. दुसरी, सगळं देवनागरीतच लिहा. रोमन अक्षरं दिसली की डोळे थेट उत्तरावर जातात. स्पेलिंग द्यायचंच असेल तर एकेक अक्षर फोडून द्या.

रिकामटेकडा
मी पयला! उत्तर माहीत नाही, पद्धतही माहीत नाही. बाकी चालू द्या.

कोडेबाज_काका
वेलांटीताई, आधी प्रश्न नीट मांडू. "दिलेली अक्षरं असलेला शब्द" असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात निदान चार वेगवेगळे खेळ आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी.
पहिला खेळ म्हणजे दिलेली सगळी अक्षरं वापरायची, बाहेरचं एकही घ्यायचं नाही, क्रम कसाही चालेल. एस-टी-ओ-पी घ्या. त्यातून स्टॉप, पोस्ट, स्पॉट, टॉप्स, पॉट्स, ऑप्ट्स असे सहा शब्द निघतात.
दुसऱ्यात तुमच्यापुढे सात अक्षरं आहेत, त्यातली जमतील तेवढी वापरायची.
तिसऱ्यात दिलेली अक्षरं शब्दात कुठेही असू देत, मध्ये इतर कितीही येऊ देत.
चौथा तुमच्या भाचीचा, अक्षरं सलग हवीत. हा दिसायला सर्वांत कठीण आणि सोडवायला सर्वांत सोपा. कारण अक्षरं जितकी विचित्र तितके उमेदवार कमी. तिने एस-टी-आर दिलं असतं तर शेकड्याने शब्द सुचले असते आणि त्यात मजा काहीच नसती.
मला उत्तर माहीत आहे. सांगणार नाही. पण हा धागा उघडल्यापासून मी एकटाच हसतोय.

नुसताच_वाचक
काका, मीही हसतोय. वाचनखूण साठवली.

वेलांटी
हसताय काय सगळे? एक तर धागा माझा, वर उत्तर फक्त मला माहीत नाही.

अर्धविराम
मी संगणकवाला. माझ्यासाठी हे दहा सेकंदांचं काम. युनिक्स या संगणकप्रणालीत शब्दांची एक यादी असते. मॅकवर जी येते तिच्यात दोन लाख तीस हजारांहून जास्त शब्द आहेत, १९३४च्या वेबस्टर कोशावरून घेतलेले. त्या यादीवर ग्रेप नावाचं शोधायचं साधन चालवलं की काम झालं. मी सवयीने ऑक वापरलं. मोजके शब्द आले, आणि तेही सगळे दोनच घराण्यांतले. एका घराण्यातला मूळ शब्द तुम्हाला शंभर टक्के माहीत आहे.
ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी शोधाच्या साइट असतात. तिथे प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर आणि तारा म्हणजे कितीही अक्षरं. तारा, डब्ल्यू, के, डब्ल्यू, तारा असं टाका.

वेलांटी
म्हणजे कॉपीच की! भाचीने पकडलं तर?

ठसकेबाज
+१. साइटवर शोधून "मी शोधला" म्हणणं म्हणजे गाईड उघडून पेपर लिहिणं. मग खेळायचंच कशाला?

अर्धविराम
ठसकेबाज, असहमत. साइट वापरून खेळलो तर तो खेळ नाही, हे मान्य. पण साइट बनवणाऱ्याने काय डोकं लढवलंय ते बघण्यात वेगळा खेळ आहे. काकांचा पहिला प्रकार घ्या. सात अक्षरं असतील तर ती मांडायच्या रीती ५,०४०. दहा अक्षरं झाली की ३६,२८,८००. यंत्राला एवढ्या रीती मांडून प्रत्येक वेळी कोश उघडायला लावणं म्हणजे शुद्ध हमाली.
त्यावर तोडगा इतका साधा आहे की पहिल्यांदा कळला तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. कोशातल्या प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णक्रमाने लावून ठेवायची. स्टॉप लावला की ओ-पी-एस-टी. पोस्ट लावला तरी ओ-पी-एस-टी. स्पॉटचंही तेच. म्हणजे सगळ्या भावंडांचं आडनाव एक झालं. आता तुमची अक्षरं तशीच लावा आणि त्या आडनावाच्या घराचं दार वाजवा. आत असतील तेवढे सगळे बाहेर येतात. हजारो रीती मांडायच्या नाहीत की काही नाही.

ठसकेबाज
आडनावाचं आवडलं. तरीही कॉपी ती कॉपीच.

रिकामटेकडा
आमच्या आडनावाच्या घराचं दार वाजवलं तर कोणीच उठत नाही.

सोंगटी
थोडी उशिरा आले. गेली बरीच वर्षं स्क्रॅबल, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या लावून इंग्रजी शब्द बनवायचा खेळ, खेळतेय, त्यामुळे काकांचा दुसरा प्रकार हा माझा प्रांत.
आधी थोडा इतिहास. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात, मंदीत काम गेल्यावर, हा खेळ रचला. कुठलं अक्षर किती वेळा येतं हे त्याने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून ठरवलं. इंग्रजी खोक्यात शंभर सोंगट्या असतात. ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, आणि क्यू, झेड, जे, एक्स, के प्रत्येकी एकच. एस मात्र मुद्दाम चारच ठेवला, नाहीतर जो तो कुठल्याही शब्दाला अनेकवचनाची शेपटी लावून गुण खात बसला असता. स्क्रॅबल हे नाव १९४८चं, ते बट्सचं नाही, खेळ बाजारात आणणाऱ्या जेम्स ब्रुनोचं.
आता कामाचं. हातात सात सोंगट्या आल्या की नवखा त्यांच्याकडे टक लावून बघत बसतो. तसं करू नका. आलेला क्रम डोळ्यांत रुतून बसतो आणि मग दुसरं काही दिसत नाही. हलवा. पुन्हा हलवा. कागदावर करत असाल तर अक्षरं गोलात लिहा, म्हणजे कुठलं पहिलं आणि कुठलं शेवटचं हा प्रश्नच उरत नाही.
मग शेपट्या आणि शेंड्या वेगळ्या काढा. आय-एन-जी, ई-डी, ई-आर, ई-एस-टी यांपैकी काही निघतंय का बघायचं आणि ते उजवीकडे सरकवायचं. आर-ई, यू-एन निघतंय का ते डावीकडे. मध्ये तीन-चार अक्षरं उरतात आणि तेवढी कोणालाही हाताळता येतात. सातही सोंगट्या एका दमात लागल्या तर वर पन्नास गुण. त्यासाठी मुरलेले खेळाडू ए-ई-आय-एन-आर-एस-टी असली मनमिळाऊ अक्षरं जपून ठेवतात. त्यातून रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टियर असे अनेक शब्द निघतात.
आणि दोन अक्षरी शब्द पाठ करा. शंभराहून जास्त आहेत. क्यूनंतर यू आलाच पाहिजे ही शाळेतली शिकवण विसरा. क्यू-आय चालतो, क्यू-ए-टी चालतो.
ता.क. वेलांटीताई, तुमच्या शब्दाला दोन्ही डब्ल्यू आणि एकुलता एक के लागतो. खोक्यात डब्ल्यू दोनच. म्हणजे कोरी सोंगटी हाताशी नसेल तर हा शब्द एका डावात एकदाच लागू शकतो.

ठसकेबाज
क्यू-आय म्हणजे काय हो?

सोंगटी
चिनी विचारातली प्राणशक्ती. खरं सांगायचं तर बरीच वर्षं हा शब्द मी अर्थ माहीत नसताना लावत होते.

ठसकेबाज
हे मला पटत नाही. अर्थ माहीत नसलेला शब्द तो कसला शब्द? ही नुसती पाठांतराची कसरत झाली.

सोंगटी
पाठांतरच म्हणा. पण मग नायजेल रिचर्ड्सचं काय कराल? न्यूझीलंडचा माणूस, फ्रेंच बोलता येत नाही, आणि २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं विश्वविजेतेपद घेऊन गेला. शब्दांची यादी पाठ केली होती. २०२४ला स्पॅनिशमध्ये तेच. त्याच्या लेखी शब्द म्हणजे अक्षरांचा आकार, अर्थाची भानगड नाही.

नुसताच_वाचक
दंडवत.

ठसकेबाज
दंडवत माझाही. पण तो माणूस वेलांटीताईंच्या भाचीशी फ्रेंचमध्ये गप्पा मारू शकणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

रिकामटेकडा
भाचीला तरी फ्रेंच कुठे येतं?

खडू_फळा
मी शिकवते, इंग्रजीच. माझ्या मते अडचण वेगळीच आहे आणि ती आपल्या सगळ्यांची आहे.
मराठी माणूस शब्द कानाने शोधतो. आपली लिपीच तशी. बोललो तसं बऱ्यापैकी लिहिलं जातं, त्यामुळे कान आणि डोळा हातात हात घालून चालतात. इंग्रजीत त्या दोघांचा काडीमोड झालेला आहे. वर्गात मी एल-ई-ए-एस-टी ही पाच अक्षरं देते. मुलं लीस्ट सांगतात, स्लेट सांगतात आणि थांबतात. चोरण्याचं स्टील त्यात आहे, शिळ्याचं स्टेल आहे, गोष्टींचं टेल्स आहे. कानाला ही मंडळी एकमेकांची कोणीच लागत नाहीत, डोळ्याला सख्खी भावंडं आहेत.
दुसरं उदाहरण. एच, एच, एम, आर, टी, वाय. मुलं म्हणतात, "बाई, यात स्वरच नाही, तुम्ही चुकलात." शब्द आहे रिदम. आपल्याला त्यात इकार ऐकू येतो म्हणून आपण आय शोधत बसतो.
आता डब्ल्यू. मराठी कानाला डब्ल्यू म्हणजे व. वॉटर, विंडो. पण या अक्षराला आणखी दोन जन्म आहेत. एकात ते मुकं असतं, जसं आन्सर, राइट, दोनवालं टू. दुसऱ्यात ते मागच्या स्वरात विरघळून जातं. लॉ, ड्रॉ, काउ, शो. यात व कुठे ऐकू येतो? ताई, तुमच्या दोनांपैकी एकच डब्ल्यू व म्हणून ऐकू येणार आहे, दुसरा विरघळलेला आहे. तो कुठला ते तुम्ही ठरवा.

वेलांटी
खडू_फळा, हे कोणी सांगितलंच नव्हतं कधी. मी तीन दिवस "वक्व, वक्व" असं पुटपुटत फिरतेय. नवरा म्हणाला, बेडूक झालीस का.

हलंत
ठ्ठो! वक्व!!

हलंत
अवांतर: मराठीत हा खेळ जमेल का? मी करून बघितला. कलमचं कमल झालं. कपट, टपक, पटक हे एक त्रिकूट सापडलं. पण मग अडलो. मराठीत एकक धरायचं कुठलं? अख्खं अक्षर धरलं तर रवा म्हणजे र आणि वा, त्याचं फार तर वार होतं. राव मात्र होत नाही, कारण त्याला रा लागतो. काना सुटा केला तर र, व आणि काना यांतून रवा, वार, राव तिन्ही मिळतात. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. सूर्य, चक्र आणि राष्ट्र, तिघांतही र आहे आणि तिन्ही ठिकाणी तो वेगळा पोशाख घालून बसलाय.

कोडेबाज_काका
हलंत, म्हणूनच मराठीत अक्षरं ढवळण्यापेक्षा उलटसुलट वाचायचे खेळ जास्त रुजले असावेत. चिमा काय कामाची. रामाला भाला मारा. टेप आणा आपटे. अख्खं अक्षर हेच एकक, काना-मात्रा जिथल्या तिथे.
वेलांटीताई, तुमच्या उत्तराच्या शब्दात सात अक्षरं आहेत. त्यातली पहिली पाच चिमासारखीच आहेत, पुढून वाचा नाहीतर मागून. याहून जास्त मी बोलणार नाही, भाची मला ओरडेल.

वेलांटी
थांबा थांबा. मधलं के. त्याच्या दोन्ही बाजूंना डब्ल्यू. त्यांच्या बाहेर दोन्हीकडे एकच अक्षर. म्हणजे काहीतरी, डब्ल्यू, के, डब्ल्यू, तेच काहीतरी, आणि पुढे दोन. बसते विचार करत.

उंटावरचा_शहाणा
इंग्रजीत जी-आर-वाय ने संपणारे तीन शब्द आहेत. अँग्री आणि हंग्री हे दोन. तिसरा कोणता?

ठसकेबाज
हे कोडं म्हणजे निव्वळ फसवणूक. नेहमीच्या वापरात तिसरा शब्दच नाही. माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्यापायी झोप घालवतायत.

उंटावरचा_शहाणा
माझी एक रात्र गेली, म्हणून म्हटलं तुमचीही जाऊ दे.

पाचवा_मजला
मी फक्त वर्डलवाला. पाच अक्षरी शब्द, तो ओळखायला सहा प्रयत्न. जॉश वॉर्डलने २०२१मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं आणि २०२२च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सने विकत घेतलं, तेव्हापासून माझी सकाळ त्यातच जाते. वर्डलमध्ये काकांचा तिसरा प्रकार असतो, अधिक एक जोड. पिवळं अक्षर म्हणजे शब्दात आहे पण इथे नाही. लोक पिवळ्या अक्षरांतून नुसता "काय आहे" एवढंच घेतात, "कुठे नाही" हे सोडून देतात. अर्धी माहिती त्यात असते. करड्या अक्षरांचंही तेच. काय नाही हे कळणं म्हणजेसुद्धा मिळकतच.
आणि पहिल्या शब्दात एकाच अक्षराची दोनदा उधळपट्टी करू नये.

सोंगटी
बरोबर. पण शेवटाकडे उलट. दुहेरी अक्षराचा विचार माणूस सगळ्यात शेवटी करतो आणि तिथेच मार खातो.

टंकनिका
कळफलकाचा खेळ कोणी आणलाच नाही अजून. फक्त वरच्या ओळीतली अक्षरं वापरून लांब शब्द सांगा. दहा अक्षरी तर खुद्द टाइपरायटर!
खालच्या ओळीत स्वर एकही नाही, त्यामुळे तिथे बसणाऱ्याने नुसते सुस्कारे टाकायचे.

अर्धविराम
मस्त. याच चालीवर, एकही अक्षर दोनदा न येणारा पंधरा अक्षरी शब्द म्हणजे अनकॉपीराइटेबल. शिवाय डर्मॅटोग्लिफिक्स, तोही पंधराच. बोटांच्या ठशांचं शास्त्र.
आणि आणखी एक गंमत. शब्दकोश झाडासारखा फांद्या फांद्यांत साठवायची एक रचना असते. फ्रेडकिन नावाच्या संशोधकाने १९६०मध्ये तिचं नाव ठेवलं टी-आर-आय-ई. रिट्रीव्हल या शब्दाच्या पोटातून काढलेलं, म्हणून तो त्याला ट्री म्हणायचा. पण झाडालाही ट्रीच म्हणतात, घोळ व्हायला लागला, म्हणून बरेच लोक ट्राय म्हणतात. खडू_फळा म्हणतात तो काडीमोड आमच्या खात्यातही आहे.

कोडेबाज_काका
धागा भरकटण्याआधी माझी पद्धत सांगून टाकतो, वेलांटीताईंनी तीच विचारली होती.
सलग अक्षरांचं कोडं आलं की मी आधी एकच प्रश्न विचारतो. ही अक्षरं एकाच घरची आहेत की दोन घरांच्या सामायिक भिंतीवरची? अशक्य वाटणारी जुळणी बहुतेक वेळा दोन तुकड्यांच्या सांध्यावर सापडते. के-जी-आर अशक्य वाटतं ना? बॅकग्राउंड. बॅक संपला, ग्राउंड सुरू झालं. एच-क्यू? अर्थक्वेक. शाळेत संधी सोडवायचो, समासाचा विग्रह करायचो, तेच इथे करायचं. कुऱ्हाड कुठे घालायची एवढंच ठरवायचं.
नेहमीच असं होतं असं नाही. एक्स-वाय-जी घ्या. तो ऑक्सिजन, तिथे कुऱ्हाड चालवून इंग्रजीत काही हाती लागत नाही, मूळ ग्रीकमध्ये जावं लागतं. ड्रेम्ट हा शब्द एम-टी ने संपतो, तिथेही सांधा आहे, पण तो क्रियापद आणि भूतकाळाच्या टीमधला.
डब्ल्यू-के-डब्ल्यू मध्ये कुऱ्हाड दोनच जागी बसू शकते. के च्या आधी किंवा के च्या नंतर. दोन्ही करून बघा.

वेलांटी
काका, केलं!
के च्या आधी तोडलं तर दुसरा तुकडा के-डब्ल्यू ने सुरू होतो. असा नेहमीचा शब्द मला तरी माहीत नाही. म्हणजे के च्या नंतर. पहिला तुकडा डब्ल्यू-के ने संपतो, दुसरा डब्ल्यू ने सुरू होतो. डब्ल्यू-के ने संपणारा म्हणजे हॉक, ससाणा! खडू_फळा म्हणाल्या तसा त्यातला डब्ल्यू विरघळलेला आहे.
मग हॉकच्या पुढे डब्ल्यूवाले तुकडे लावत गेले आणि कोशात हॉकवीड सापडला. एक पिवळ्या फुलांचं रानटी रोप. धावत भाचीला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, बरोबर आहे, पण हा नाही. मी म्हटलं ना, तू रोज बोलतेस." आणि मला रोज रानटी रोपाबद्दल बोलायची सवय नाही.

अर्धविराम
शाब्बास! माझ्या यादीतलं दुसरं घराणं ते हेच. आता पहिलं.

ठसकेबाज
मानलं ताई. साइट न उघडता हॉकवीड काढणं खायची गोष्ट नाही.

खडू_फळा
आता काकांची चिमा आठवा. हॉकवीडची पहिली पाच अक्षरं उलटसुलट सारखी नाहीत. पण त्यातला पहिला एच काढून टाकला तर?

हलंत
खडू_फळा, हे जरा जास्तच सांगितलंत.

खडू_फळा
सवयीचा दोष. घंटा व्हायच्या आत उत्तर फळ्यावर यायला हवं असतं.

वेलांटी
ए-डब्ल्यू-के. पुढे डब्ल्यू-ए. फॉरवर्ड, बॅकवर्ड यांतला वर्ड!
ए-डब्ल्यू-के-डब्ल्यू-ए-आर-डी.
अरे देवा.
मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

नुसताच_वाचक
हसून हसून पुरेवाट. चाळीस प्रतिसाद झाले, पोट दुखायला लागलं होतं.

कोडेबाज_काका
म्हणूनच पहिल्या दिवसापासून हसत होतो. देवनागरीत लिहायची अट तुमचीच! रोमनमध्ये लिहिलं असतंत तर लिहितानाच दिसलं असतं. ऑ ने पहिला डब्ल्यू गिळला.
आणि सांधा तिथेही आहे बरं. ऑक हा मध्ययुगीन इंग्रजीतला शब्द, मुळात नॉर्स भाषेतून आलेला. अर्थ उलट्या दिशेला वळलेलं. तो शब्द मेला, पण वर्ड या शेपटीला धरून आजपर्यंत जगला.

अर्धविराम
आणि अर्धा शब्द मी पहिल्या दिवशीच दिला होता. "सवयीने ऑक वापरलं." त्याचं स्पेलिंगही ए-डब्ल्यू-के. १९७७ सालचं युनिक्सचं साधन आहे, आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं. कोणाचंच लक्ष गेलं नाही.

सोंगटी
मी खोक्यातले दोन डब्ल्यू आणि एक के मोजत बसले, तरी ऑकवरून मलाही काही सुचलं नाही. उत्तर आधीच माहीत होतं म्हणून बरं.

हलंत
वेलांटीताई, मग भाचीला सांगितलंत का पहिली पोस्ट?

वेलांटी
दाखवली. लोळून हसली. मग म्हणाली, "मावशी, त्या दिवशी घरातही तू मोठ्याने हेच म्हणाली होतीस." म्हणजे मी दोनदा उत्तर दिलं होतं आणि मलाच कळलं नाही.
आता तिने पुढचं दिलंय. एस-टी-एच-एम. सलग चार. म्हणते दोन उत्तरं आहेत, एक भूगोलातलं आणि एक डॉक्टरकडचं. उत्तर सांगू नका!

कोडेबाज_काका
वा! भूगोलाचं कठीण आहे. दोन भूभागांना जोडणाऱ्या चिंचोळ्या पट्टीचा विचार करा.

रिकामटेकडा
अख्खा धागा एका बैठकीत वाचून काढला. जाम दम लागलाय.

खडू_फळा
रिकामटेकडा! उत्तर सांगू नका म्हटलंय ना त्यांनी?

रिकामटेकडा
ऑं? मी काय केलं?